देवाकडे ठेवलेली ग्रॅच्युइटी

माझ्या कचेरीत येणारा माणूस दारातच चप्पल काढतो. पाटी वकिलाची आहे, देवळाची नव्हे, असं मी सुरुवातीला सांगत असे. पुढे सोडून दिलं. जमिनीच्या भांडणाचे अशील पायताणासकट थेट खुर्चीपर्यंत येतात आणि आवाजही चढा असतो. नादारीचा अर्ज करायला आलेली माणसं मात्र अनवाणी येतात आणि खुर्चीच्या कडेवर बसतात. तीसेक वर्षं डिचोली आणि पेडण्याच्या कोर्टांत गेली, नादारीच्या अर्जांसाठी पणजीच्या खेपाही घातल्या, पण ऐसपैस टेकून बसलेला नादार मी अजून पाहिलेला नाही.

नादारीचा अर्ज म्हणजे काय, हे लोकांना नीट ठाऊक नसतं. अनेकांना वाटतं, वकिलाने एक कागद लावला की देणी पुसली जातात. तसं नाही. कोर्टात जाऊन शपथेवर सांगायचं की माझ्याकडून आता फेड होणार नाही. मग आपल्याकडे काय आहे, कोणाचं किती देणं आहे आणि महिन्याला हातात काय येतं, याची यादी द्यायची. त्यानंतर कोर्ट एक रिसीव्हर नेमतं. हा रिसीव्हर जे विकण्यासारखं असेल ते विकतो आणि घेणेकऱ्यांत वाटतो. त्या बदल्यात माणसाला काही काळाने त्या देण्यांतून मोकळं केलं जातं. यादी खरी असणं एवढीच या सगळ्याची मुख्य अट आहे. माझं निम्मं आयुष्य लोकांना ही एकच गोष्ट पटवण्यात गेलं.

आता पेन्शनर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. घराचं काय, बागायतीचं काय, हे नंतर. आधी खालच्या आवाजात, "बाय, पेन्शन जातली?"

नाही जात. पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी या तिन्हींना घेणेकऱ्याचा हात लागू नये अशी कायद्यानेच सोय केलेली आहे. त्याच रांगेत स्वयंपाकाची भांडी आहेत, अंथरूण आहे, सुताराचे रंधे आणि करवती आहेत, बायकांचं मंगळसूत्र आहे. हा कायदा लिहिणाऱ्याने कधीतरी कोणाच्या घरची जप्ती डोळ्यांनी पाहिली असावी, असं मला ही यादी वाचताना नेहमी वाटतं. म्हातारपणी माणसाने कोणापुढे हात पसरू नये, एवढाच तिचा अर्थ. एरवी मी कायद्याचं कौतुक करणारी बाई नाही, पण हे कलम मला मनापासून आवडतं.

फक्त एक मेख आहे. तो पैसा ओळखता आला पाहिजे. नोटेवर काही 'मी पेन्शनची' असं छापलेलं नसतं. पार्शाचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले. पार्सें माझं माहेर, म्हणजे मास्तर एका अर्थाने माझेच. त्यांच्या एकाच पासबुकात पेन्शनही जमा होत होती, काजूच्या मोसमातले पैसेही आणि नारळांचेही. समोरचा वकील म्हणाला, हा सगळा एक काला आहे, यातली पेन्शन कोणती ते दाखवा. आम्ही दोघं तीन दिवस त्या पासबुकावर बसलो. मास्तरांना प्रत्येक विक्री आठवत होती, कोणत्या साली कोणत्या बांधावरचं झाड मेलं तेही. मी ओळीओळीपुढे पेन्सिलीने खुणा केल्या आणि कोर्टाला पेन्शन बाजूला काढून दाखवली. ती राहिली. काजूचे गेले. मास्तर निकालानंतर म्हणाले, "बरा झाला. काजी तशी पण माकडांनी खाल्ली आसती." तेव्हापासून मी भेटेल त्या निवृत्त माणसाला सांगते की पेन्शनचं पासबुक वेगळं ठेवा, त्यात दुसरा पैसाही घालू नका. लग्नात जेवताना सांगते, बसस्टँडवर सांगते. लोकांना वाटतं, बाईला वेड लागलं आहे.

लग्नात सल्ला देण्याची ही सवय चांगली नव्हे. ती मला एकदा फार महागात पडली, आणि खरं तर मला नाही, दुसऱ्यांनाच. तेच सांगायचं आहे.

गुणाजी लाटंबार्शाचे. जन्मभर मुरगाव बंदरात क्रेनवर होते. आठवड्याला घरी येत आणि सोमवारी पहाटेची बस पकडून परत जात. असा माणूस गावचा असूनही गावाला अर्धाच ठाऊक असतो. बोलणं कमी, शब्द एकदा दिला की दिला. त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, खाणींच्या भरभराटीत खनिज वाहायला दोन टिपर ट्रक घेतले. एका पतसंस्थेचं कर्ज होतं, आणि बहिणीचा नवरा पगारदार म्हणून गुणाजींची सही जामीन म्हणून घेतली. पुढे खाणी बंद पडल्या. टिपर अंगणात उभे राहिले, त्यांच्या टायरांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मेहुणा कामासाठी परराज्यात गेला, आणि पतसंस्थेने जामीनदाराचं दार ठोठावलं.

त्या दिवसांत एका लग्नाच्या पंगतीत गुणाजी माझ्या शेजारी आले. नुकतेच निवृत्त झाले होते. वाढपी सोलकढी वाढत होता. ते म्हणाले, "वकीलबाय, त्या टिपरांच्या सहीचा माझ्यार येतला असा दिसता. ग्रॅच्युइटीचे पैशे गावले आसत. कसा करू?"

मी घाईत होते. मला पुढच्या एका लग्नाला जायचं होतं. मी म्हणाले, "घाबरू नका. पैसे तेवढे कुठेतरी सुरक्षित ठेवा." आणि हात धुवायला उठले.

दोन वर्षांनी ते माझ्या कचेरीच्या दारात चप्पल काढून उभे होते. बरोबर बायको, शालिनी. आमच्या गोव्यात नवऱ्याच्या कागदपत्रांत बायको असायचीच. लग्न झालं की दोघं सगळ्याची अर्ध्याअर्ध्याने धनी होतात, म्हणून घर विकायला, जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे नवरा वकिलाकडे निघाला की बायकोही लुगडं बदलून निघते. शालिनी भिंतीकडच्या स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मी बोलणं गुणाजींशी केलं.

पतसंस्थेने दाव्यात हुकूमनामा मिळवला होता. आकडा त्यांच्या आवाक्याबाहेरचा. नादारीचा अर्ज हाच रस्ता होता. मी पेन्शनचं सांगितलं, ते ऐकून त्यांचे खांदे जरा खाली आले. मग मी विचारलं, "आणि ग्रॅच्युइटी? ती ठेव म्हणून ठेवलीत ना? पावती द्या, तिलाही कोणी हात लावणार नाही."

गुणाजी चष्मा पुसू लागले.

"खंय आसत पैशे, गुणाजीबाब?"

"देवाकडे," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, ते वैतागून बोलताहेत. पण ते अक्षरशः खरं होतं. दाव्याची नोटीस आल्यावर त्यांनी ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम गावच्या देवस्थानात नेऊन दिली होती. देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं होतं. म्हणजे आमच्याकडे देवाला जे मोठ्याने, चार माणसांदेखत सांगतात ते. देवा, हे पैसे आजपासून माझे नव्हेत, तुझे. पुढे माझी वेळ आली तर तू मला सांभाळ. खजिनदाराने पावती फाडून दिली होती. पावतीवर छापलेलं होतं : देणगी.

मी डोक्याला हात लावला. "असं का केलंत?"

"तूच सांगलंस मगे," गुणाजी म्हणाले. त्यात राग नव्हता, आठवण करून देणं होतं. "सुरक्षित ठेव म्हणान. देवापरास सुरक्षित जागा माका ठाऊक नाय."

हसावं की रडावं कळेना. ज्या पैशाला त्यांच्या स्वतःच्या खात्यात कोणी शिवूही शकलं नसतं, तो त्यांनी भीतीपोटी बाहेर काढला होता. आणि नादारीच्या कायद्यात सर्वांत वाईट दिसणारी गोष्ट कोणती, तर दावा लागल्यावर पैसा दुसऱ्याच्या नावे करणं. रिसीव्हर म्हणू शकत होता, हे लपवलं आहे, परत आणा आणि वाटा. त्यांचा अर्जच लबाडीचा ठरायची भीती होती. एका ओळीचा नीट सल्ला दिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

मी लाटंबार्शाला जाऊन देवस्थानाच्या खजिनदाराला भेटले. भला माणूस. मी म्हटलं, हे पैसे देणगी नव्हेत, ठेवायला दिले होते, असं लिहून द्या. तो म्हणाला, "बाय, आमच्याकडे पावतीबुक एकच. देणगीचा. ठेवूक दिलेल्याचा आमी छापूकच नाय. आणि तेणी देवाक काय सांगला ता सगळ्या गावान आयकला. ता मी कसा बदलू?"

तरी मला वाट दिसत होती, आणि सांगायला हरकत नाही, मी तिच्यावर खूश होते. घेणेकऱ्याला फसवायचं म्हणजे त्याला जे मिळालं असतं ते त्याच्यापासून दडवायचं. ग्रॅच्युइटी तर पतसंस्थेला मिळणारच नव्हती. मग गुणाजींनी ती देवाला दिली काय, विहिरीत टाकली काय, पतसंस्थेचं त्यात काय गेलं? आणि ते पैसे नुसते ठेवायला दिले होते असं ठरलं, तर ते परत गुणाजींकडे येतील, आणि तिथे ते पुन्हा ग्रॅच्युइटीच असतील. मी यादीत सगळं खरं लिहिलं. देवस्थानाला दिलेली रक्कम, तारीख, पावतीचा क्रमांक, काही सोडलं नाही.

उरला एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर फक्त गुणाजी देऊ शकत होते. पैसे दिले होते की ठेवले होते? साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्यांना बसवून समजावलं. तुमच्या मनात काय होतं ते आठवा. म्हातारपणी उपयोगी पडावेत म्हणूनच ना? मग ते ठेवणंच झालं. कोर्टात तसं सांगा, पैसे घरी येतील. ते मान डोलावत राहिले. शालिनी स्टुलावर होती. तिने पिशवीतून बायकोच्या संमतीचे कागद काढले, मी बोट ठेवलं तिथे तिथे सही केली, आणि ते परत पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पतसंस्थेच्या वकिलाने बराच वेळ घेतला. मग न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं. न्यायाधीश तरुण होते, नम्र होते. दुभाष्याने ते कोकणीत सांगितलं : तुम्ही हे पैसे देवस्थानाला देऊन टाकले, की सांभाळायला ठेवले?

गुणाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे पाहिलं. "दिले, साहेब," ते म्हणाले. "देवासमोर उबा ऱ्हवान 'तुझे' म्हटला. तेव्हा पोटात भय आसला, तांय खरा. पण म्हटला ता म्हटला. आता हंय येवन 'तुझे न्हय, माझे' कशा म्हणू? ही पण शपथ आणि ती पण शपथ."

माझी कागदावरची पेन्सिल तिथेच थांबली. न्यायाधीश खाली पाहून लिहू लागले.

निकाल महिन्याभराने लागला. ग्रॅच्युइटी घेणेकऱ्यांना कधीच मिळणारी नव्हती, तेव्हा ती देऊन टाकल्याने त्यांची फसवणूक झाली नाही. अर्जदाराने काही लपवलं नाही. अर्ज मंजूर. पेन्शनला हात लागणार नाही. आणि देवस्थानाला दिलेली रक्कम देवस्थानाची. पतसंस्थेचा वकील येऊन माझं अभिनंदन करून गेला. वकिली हिशेबाने मी जिंकले होते.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी गुणाजींवर चिडलेच. "असं का बोललात? एका शब्दाचं काम होतं."

"पेन्शन आसा मगे," ते शांतपणे म्हणाले. "तितकी पुरे माका." आणि बसची चौकशी करायला पुढे गेले.

शालिनी मागे राहिली. इतक्या भेटींत ती माझ्याशी धड दोन वाक्यं बोलली नव्हती. ती म्हणाली, "पेन्शन तेंची. ते आसत तवसर पुरी, ते गेल्यार माका थोडी. ती ग्रॅच्युइटी माझी आसली, बाय. आमी दोगांनी तशी ठरयली आसली. माझ्या म्हातारपणाक."

"मग देवळात देताना तुम्ही...?"

"माका कोणे इचारूक नाय. मिया घरात आसलंय."

जामिनकीच्या कागदावर तिची सही नव्हती. देणगीच्या पावतीवर तिचं नाव नव्हतं. आणि ती रक्कम संसाराच्या काळात कमावलेली, म्हणजे आमच्या कायद्याने अर्धी तिची. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, इतरांना शंभरदा सांगितलं होतं. गोव्यात वकिलीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरीलाही हे सुचलं असतं. पण नादारी एका माणसाची असते, अर्ज एकाचा असतो, म्हणून मी त्या एकाशीच बोलत राहिले. अर्धी धनी माझ्या स्टुलावर पिशवी घेऊन बसली होती, आणि तिच्याकडून मी फक्त सह्या घेत होते.

"वयनी," मी म्हणाले, "त्यातले अर्धे पैसे तुमचे आहेत. तुमच्या परवानगीवाचून ते कोणी देऊ शकत नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मगे आदी कित्याक सांगूक नाय?"

"चुकलं माझं," एवढंच मी म्हणाले. तिने हातातली पिशवी सावरली आणि म्हणाली, "मियांय इचारूक नाय. तू वकील, तुका ठावक आसतला म्हणान गप ऱ्हवलंय." ते तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे मला तेव्हाही कळलं, आणि त्याने अधिकच वाईट वाटलं.

पुढचं सोपं होतं, आणि ते इतकं सोपं होतं हेच मला टोचत राहिलं. कोर्टात जावंच लागलं नाही. शालिनीच्या नावाने मी देवस्थानाला पत्र लिहिलं : माझ्या नवऱ्याने दिलं ते त्याचं दिलं, माझं मी दिलेलं नाही. नवऱ्याची हरकत नाही असं खाली हवं होतं. गुणाजींना मी भीतभीत विचारलं. ते चष्मा शोधत म्हणाले, "माझा मिया दिलंय. हिचा मिया कसा दितलंय?" आणि सही केली. इतकं साधं होतं, पण पैसे देताना त्यांनाही कोणी हे विचारलं नव्हतं.

देवस्थानाची सभा भरली. एकदोघांचं म्हणणं पडलं, देवाचा प्रसाद लावावा, म्हणजे मूर्तीला फुलाची पाकळी चिकटवून कौल घ्यावा, ती उजवी पडली तर पैसे द्यावेत. खजिनदार म्हणाला, "हिणे दिलेच नाय, तर देवाक इचारूचा कशाक?" अर्धी रक्कम शालिनीला परत द्यावी असा ठराव झाला. त्या माणसाची जागा देवळात नाही, कोर्टात होती, असं मला अजून वाटतं.

चेक घेऊन आम्ही तिघं डिचोलीच्या बँकेत गेलो. शालिनीचं स्वतःचं एकटीचं खातं तोवर नव्हतं. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, ठेव झाली. काउंटरवरच्या माणसाने नवं पासबुक सवयीने गुणाजींच्या पुढे सरकवलं. गुणाजींनी ते उघडलंसुद्धा नाही. "ह्या हिचा," म्हणाले आणि तिच्या हातात दिलं.

शालिनीने पहिलं पान उघडलं, बोट धरून नाव वाचलं. आकडा पाहिला. मग पुन्हा नाव वाचलं. पासबुक मिटून तिने पिशवीत तळाशी ठेवलं, वर रुमाल घातला, आणि आम्हा दोघांना म्हणाली, "चला, च्या घेवया."

बँकेच्या समोरच्या हॉटेलात आम्ही चहा आणि पावभाजी घेतली. गुणाजी सवयीने खिशात हात घालू लागले, तेव्हा तिने त्यांचा हात धरला. बिल तिने दिलं.